गेमपॅडची निवड आणि जुळवणी : आधी हात, मग यंत्र



गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीतल्या एका विद्यार्थ्याची आई आमच्या कार्यालयात आली. पिशवीत गेमपॅडचा डबा होता. "सर, याच्या बाबांनी हट्ट पुरवला खरा, पण पोरगा दोन दिवस खेळला आणि डबा कपाटावर ठेवून दिला. म्हणतो, मला जमत नाही. दुकानात परत करू का?" असा त्यांचा प्रश्न होता. 'बरे झाले, आता अभ्यास करेल' असे प्राचार्य म्हणतील, ही त्यांची अपेक्षा असावी. खरे सांगायचे तर आमच्याही जिभेवर तेच आले होते.

पण हा मुलगा आमच्या डोळ्यांसमोर आला. लहानपणी भाजल्यामुळे त्याच्या डाव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट पुरते वाकत नाही. अभ्यासात चांगला, अक्षर सुंदर. शनिवारी शेवटच्या तासाला मुलांना संगणक कक्षात थोडे खेळू देतो. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लागला की हा मागे उभा राहून घड्याळ लावतो आणि इतरांच्या वेळा वहीत लिहितो. हे आम्ही वर्षभर पाहत होतो आणि 'त्याला खेळण्याची आवड नसेल' असे समजून पुढे जात होतो. समजून घेण्यात कसूर झाली ती आमची.

आम्ही म्हटले, "ताई, परत करायची घाई करू नका. डबा आठ दिवस शाळेत राहू द्या."

त्या आठ दिवसांत आम्ही जे शिकलो ते या पाठात देत आहोत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, आणि कॉलेजात असताना संगणक आम्ही लांबूनच पाहिलेला. तेव्हा यातले बरेचसे आम्हाला संगणकाच्या शिक्षकांनी आणि अकरावीच्या मुलांनी शिकवले, हे आधीच कबूल करतो. गेमपॅड घ्यावा की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण घ्यायचा तर तो पारखून घ्यावा आणि घेतल्यावर आपल्या हाताला जुळवून घ्यावा, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

१. गेमपॅड म्हणजे काय?

कीबोर्डाची कळ फक्त दोन गोष्टी सांगते : दाबली आहे, किंवा दाबलेली नाही. म्हणजे एक किंवा शून्य. घरातल्या दिव्याच्या बटणासारखे. गेमपॅडवर अशी बटणे असतातच, पण त्याशिवाय 'किती' हे सांगणारे भागही असतात. पंख्याचा रेग्युलेटर जसा वेग कमी-जास्त करतो तसे. गाडी थोडी वळवायची की पुरती, हे कीबोर्डाला नीट सांगता येत नाही; गेमपॅडला येते. म्हणूनच गाड्यांची शर्यत, फुटबॉल, विमान चालवणे आणि धावत-उड्या मारत जाणारे खेळ गेमपॅडवर बरे वाटतात. उलट बुद्धिबळ, कोडी, नगररचनेचे खेळ आणि नेमबाजीचे पुष्कळसे खेळ माऊसवरच सोपे जातात. आपले मूल कोणते खेळ खेळते, हे पाहिल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत.

गेमपॅडचे मुख्य भाग असे :

(अ) चार दिशांचे फुलीसारखे बटण. जपानच्या निन्टेंडो कंपनीचे अभियंता गुनपेई योकोई यांनी १९८२ साली हातात मावणाऱ्या एका छोट्या खेळयंत्रासाठी हे बसवले. त्याआधी बहुधा उभा दांडा धरून खेळावे लागे. तो खिशात मावणे शक्यच नव्हते. आज जवळपास प्रत्येक गेमपॅडवर ही फुली किंवा तिचाच एखादा प्रकार दिसतो.

(आ) उजव्या अंगठ्याखालची चार बटणे. ही चौकटच्या आकारात असतात. इथे एक गंमत लक्षात ठेवा. एक्सबॉक्सच्या पद्धतीत 'ए' हे बटण खाली असते, निन्टेंडोच्या पद्धतीत ते उजवीकडे असते, आणि प्लेस्टेशनवर अक्षरे नसून त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन अशी चिन्हे असतात. पडद्यावर 'ए दाबा' असे आले आणि मुलाने भलतेच बटण दाबले, तर तो मुलाचा दोष नसतो.

(इ) दोन अंगठा-दांड्या, म्हणजे स्टिक. डावी बहुधा चालण्या-वळण्यासाठी, उजवी इकडेतिकडे पाहण्यासाठी. सोनीने १९९७ साली प्लेस्टेशनसाठी दोन स्टिकचा गेमपॅड आणला आणि पुढे तीच रीत पडली.

(ई) खांद्याची बटणे आणि त्यांच्या खालचे ट्रिगर. ही तर्जनीने दाबायची. शर्यतीच्या खेळात बहुधा उजवा ट्रिगर म्हणजे गाडीचा वेग आणि डावा ट्रिगर म्हणजे ब्रेक.

शेवटचे वाक्य पुन्हा एकदा वाचा. डावा ट्रिगर म्हणजे ब्रेक. ज्याची डावी तर्जनी वाकत नाही त्याने ब्रेक कसा लावायचा? मुलगा 'जमत नाही' म्हणत होता त्याचा अर्थ एवढाच होता. आम्ही त्याला जवळ बसवून विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, गाडी पळवता येते मला. थांबवता येत नाही."

२. हाताचे माप

मोठ्या कंपन्याही या बाबतीत चुकतात. २००१ साली मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स अमेरिकेत बाजारात आले. त्याचा गेमपॅड इतका मोठा आणि जड होता की लोकांनी त्याची थट्टा केली. २००२ साली जपानमध्ये यंत्र विकताना कंपनीने वेगळा, लहान गेमपॅड बनवला. तो लोकांना इतका पसंत पडला की पुढे सगळीकडे तोच देऊ लागले. एवढ्या मोठ्या कंपनीला हाताचे माप दुसऱ्यांदा घ्यावे लागले, तर आपण पहिल्यांदाच घेतलेले बरे.

दुकानात गेल्यावर मुलाला सोबत न्या. बाबांच्या हाताने पारख करू नये. डबा उघडून दाखवत असतील तर या चार गोष्टी पाहा :

पहिली, दोन्ही हातांत धरल्यावर अंगठे न ताणता स्टिकवर पडतात का? दुसरी, तर्जनीचे टोकाकडचे पेर ट्रिगरवर आरामात टेकते का? तिसरी, मनगट सरळ राहते का, की आत वळते? चौथी, पाच मिनिटे नुसता धरून ठेवल्यावर हात अवघडतो का? बूट घेताना आपण दुकानात चार पावले चालून पाहतो. तसेच हे.

स्टिकची मांडणी दोन तऱ्हेची असते. एक्सबॉक्सच्या तऱ्हेत डावी स्टिक वर आणि फुली खाली. प्लेस्टेशनच्या तऱ्हेत दोन्ही स्टिक खाली, एका ओळीत. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. मुख्यतः फुली वापरायचे जुने, सपाट खेळ आवडत असतील तर दुसरी तऱ्हा सोयीची. सतत स्टिक वापरायची असेल तर पुष्कळांना पहिली बरी वाटते. हात सांगेल तेच खरे.

३. विकत घेताना काय विचारावे?

येथे आमची स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेसाठी दोन गेमपॅड एका दुकानातून आणले. निवड कशावरून केली? त्यात लाल-निळे दिवे लागत होते, आणि स्वस्त होते. शाळेत आणून जोडले तर खेळ त्यांना ओळखेचना. एक कपाटात गेला. दुसरा कसाबसा चालला, पण काही महिन्यांत खेळातला माणूस कोणी हात न लावता आपोआप डावीकडे चालू लागला. मुले म्हणाली, "सर, यात भूत आहे." भूत नव्हते, त्याचे कारण पुढे येते. आता आम्ही हे प्रश्न विचारतो :

विंडोज संगणक याला कसा ओळखतो? जुनी पद्धत 'डायरेक्टइनपुट' आणि २००५ साली एक्सबॉक्स ३६० बरोबर आलेली 'एक्सइनपुट'. नव्या खेळांपैकी बहुतेक दुसरी पद्धत गृहीत धरतात. काही स्वस्त गेमपॅडच्या मागे 'एक्स' आणि 'डी' अशी छोटी कळ असते. कपाटात गेलेल्या आमच्या गेमपॅडला ती कळ होती, 'डी'वर होती, आणि आम्हाला ठाऊक नव्हते! कळ सरकवली आणि दोन वर्षे बंद पडलेले यंत्र अर्ध्या मिनिटात चालू झाले. डब्यातला कागद वाचावा, ही शिकवण आम्ही मुलांना रोज देतो.

वायरचा की बिनवायरचा? वायरच्या गेमपॅडला बॅटरीची काळजी नाही आणि किंमत कमी. बिनवायरचे दोन प्रकार : ब्लूटूथवर चालणारे, आणि यूएसबीत छोटा रिसीव्हर खोचून चालणारे. टेबलाजवळ बसूनच खेळायचे असेल तर वायरचा पुरे. शाळेसाठी तर आम्ही वायरचाच म्हणू, कारण रिसीव्हर हरवला की गेमपॅड निरुपयोगी.

जाहिरातीतला 'एक हजार हर्ट्झ' खरेच लागतो का? साधे यूएसबी गेमपॅड पुष्कळदा सेकंदाला १२५ वेळा आपली बातमी संगणकाला देतात. १००० मिलिसेकंद भागिले १२५, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. हजार हर्ट्झचा दर मिलिसेकंदाला देतो. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलत असेल तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. म्हणजे साधा गेमपॅडही एका चित्राच्या वेळात दोनदा बातमी देतो. स्पर्धेत उतरणाऱ्यांना फरक पडत असेल, शनिवारच्या तासाला नाही.

स्टिकच्या आत काय आहे? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यासाठी वेगळा परिच्छेद.

४. 'भुता'चे शास्त्र

बी.एस्सी.ला आम्ही 'विभवमापी'चा प्रयोग केला होता. लांब तारेवर एक टोक सरकवत न्यायचे आणि तारेच्या लांबीच्या प्रमाणात व्होल्टेज कसे बदलते ते पाहायचे. वहीत सही मिळाली, प्रयोग विसरलो. पन्नाशी उलटल्यावर कळले की तीच युक्ती गेमपॅडच्या स्टिकखाली असते. साध्या स्टिकमध्ये कार्बनचा लहान पट्टा असतो आणि त्यावर धातूची बारीक पट्टी घासत सरकते. स्टिक जितकी झुकेल तितके व्होल्टेज बदलते. आडव्या दिशेसाठी एक आणि उभ्या दिशेसाठी एक, असे दोन पोटेन्शिओमीटर असतात.

घासणारी वस्तू झिजते. पट्टा झिजला, धूळ बसली, स्प्रिंग सैल झाली, की स्टिक मध्यावर असूनही 'मी थोडी डावीकडे आहे' असे सांगू लागते. याला ड्रिफ्ट म्हणतात. आमच्या गेमपॅडातले भूत ते हेच.

यावर उपाय म्हणून काही गेमपॅडमध्ये चुंबकाची स्टिक असते. १८७९ साली अमेरिकेत एडविन हॉल या संशोधकाने दाखवले की, वीज वाहणाऱ्या पत्र्याला आडवे चुंबकीय क्षेत्र लावले तर पत्र्याच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज उत्पन्न होते. स्टिकच्या तळाशी चुंबक बसवला, जवळ असा संवेदक ठेवला, की स्टिक किती झुकली हे काहीही न घासता कळते. सेगा कंपनीने १९९८ साली आलेल्या ड्रीमकास्टच्या गेमपॅडमध्ये ही युक्ती वापरली होती. आता मध्यम किमतीच्या गेमपॅडमध्येही 'हॉल इफेक्ट' असे लिहिलेले आढळते. दिव्यांसाठी जास्त पैसे देण्यापेक्षा यासाठी द्यावेत. मात्र दुकानदाराला स्पष्ट विचारावे : स्टिक आणि ट्रिगर दोन्ही चुंबकाचे आहेत का, की फक्त ट्रिगर?

५. जुळवणी : गणिताचा उपयोग

विंडोजच्या शोधपट्टीत 'जॉय डॉट सीपीएल' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करा. जोडलेल्या गेमपॅडची यादी येते. त्यात 'प्रॉपर्टीज' उघडले की स्टिक हलवल्यावर खूण कशी हलते आणि कोणते बटण दाबल्यावर कोणता क्रमांक उजळतो ते दिसते. नवा गेमपॅड घरी आणल्यावर खेळ सुरू करण्याआधी हे पान पाहावे.

एक्सइनपुट पद्धतीत ट्रिगरची किंमत ० ते २५५ असते, कारण ती ८ बिटांत लिहितात आणि २ चा आठवा घात २५६. स्टिकची प्रत्येक दिशा १६ बिटांत लिहितात, म्हणून ती −३२७६८ ते ३२७६७ असते. मध्यावर ती ० असायला हवी. प्रत्यक्षात क्वचितच असते.

मृत क्षेत्र. समजा, हात न लावता स्टिक आडव्या दिशेत २००० आणि उभ्या दिशेत १५०० दाखवते. मध्यापासून ती किती दूर आहे? पायथागोरस आठवा. २००० चा वर्ग ४०,००,०००, १५०० चा वर्ग २२,५०,०००, बेरीज ६२,५०,०००, वर्गमूळ २५००. याला ३२७६७ ने भागले तर सुमारे ७.६ टक्के. आता खेळाला सांगायचे, 'मध्यापासून १० टक्क्यांपर्यंतची हालचाल धरू नकोस.' यालाच डेड झोन म्हणतात. आम्ही मृत क्षेत्र म्हणतो. भूत गेले.

मग मृत क्षेत्र मोठेच का ठेवू नये? मायक्रोसॉफ्टने कार्यक्रम लिहिणाऱ्यांना डाव्या स्टिकसाठी सुचवलेला आकडा ७८४९ आहे, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. झिजलेल्या स्टिकलाही तो चालतो. पण चांगल्या स्टिकचा पाव भाग त्यात वाया जातो, आणि हलके वळण घेता येत नाही. म्हणून नियम असा : हात न लावता जेवढे दिसते त्यापेक्षा थोडेच जास्त ठेवावे.

मृत क्षेत्र संपल्यावर गाडी झटका देऊ नये म्हणून उरलेला भाग पुन्हा ० ते १ मध्ये पसरतात. सूत्र : (स्टिकची किंमत − मृत क्षेत्र) ÷ (१ − मृत क्षेत्र). मृत क्षेत्र ०.१० आणि स्टिक ०.५५ वर असेल, तर ०.४५ ÷ ०.९० = ०.५. सातवीचा विद्यार्थीही हे करू शकतो.

प्रतिसादाचा वक्र. काही खेळांत 'लिनिॲरिटी' किंवा 'कर्व्ह' असा पर्याय असतो. साध्या सरळ रेषेत अर्धी स्टिक म्हणजे अर्धे वळण. वर्गाचा वक्र घेतला तर ०.५ चा वर्ग ०.२५, म्हणजे पाव वळण. घनाचा घेतला तर ०.१२५. दोन्हींत १ चे १ च राहते. मध्याजवळ हलका आणि टोकाशी पुरता, असा हा वक्र ज्यांचा हात थोडा थरथरतो त्यांना फार उपयोगी पडतो.

बटणांची अदलाबदल. खेळाच्या 'कंट्रोल्स' पानावर कोणते काम कोणत्या बटणाला द्यायचे ते बदलता येते. सगळ्याच खेळांत ही सोय नसते, म्हणून खेळ विकत घेण्याआधी विचारावे. स्टीम या कार्यक्रमातून खेळ चालवत असाल तर तेथेही बटणे बदलण्याची सोय आहे.

कंप. गेमपॅडच्या मुठींत दोन छोट्या मोटरी असतात. त्यांच्या आसाला एका बाजूने जड असलेले वजन लावलेले असते, म्हणून त्या फिरल्या की मूठ थरथरते. हात लवकर दुखत असेल तर हा कंप कमी करावा किंवा बंद करावा.

आणि एक शिस्त : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, पाच फेऱ्या खेळून पाहावे, वहीत लिहावे, मगच पुढची बदलावी. प्रयोगशाळेत आपण हेच करतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या बदलाने काय झाले ते कळत नाही.

६. त्या मुलाची वही

आता नववीतल्या मुलाकडे वळू. त्याच्यासाठी वेगळा गेमपॅड आणण्याचा विचार प्रथम आमच्या मनात आला. असे गेमपॅड आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली 'एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर' आणला. त्यावर दोन मोठी, तबकडीसारखी बटणे असतात आणि मागच्या बाजूला एकोणीस छिद्रे. प्रत्येक छिद्रात आपल्याला सोयीचे वेगळे बटण जोडायचे. कोणी ते पायाने दाबते, कोणी कोपराने, कोणी डोक्याने. सोनीनेही २०२३ च्या डिसेंबरात 'ॲक्सेस' नावाचा असा गेमपॅड आणला. ज्यांना दोन्ही हातांनी साधा गेमपॅड धरता येत नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे, आणि अशा मुलांच्या पालकांना ती ठाऊक असावी म्हणून येथे मुद्दाम लिहिले. किंमत मात्र साध्या गेमपॅडपेक्षा पुष्कळ जास्त.

या मुलाला एवढे लागणार नाही, असे संगणकाच्या शिक्षकांचे मत पडले. त्याचा डावा अंगठा चांगला चालतो. अडचण होती ती ट्रिगरची आणि पकडीची. वहीत नोंदी अशा आहेत :

पहिला दिवस : ब्रेक डाव्या ट्रिगरवरून काढून 'ए' बटणावर, म्हणजे उजव्या अंगठ्याखाली दिला. गाडी थांबू लागली. पण प्रत्येक वळणावर घसरून बाहेर गेली. का? बटण म्हणजे शून्य किंवा एक. अर्धा ब्रेक त्याला लावताच येईना. दर वेळी पुरता लागे आणि चाके जाम होत.

दुसरा दिवस : काहीच सुधारणा नाही. मुलगा म्हणाला, "राहू द्या सर." आम्ही म्हटले, "बेटा, अजून एक स्टिक उरली आहे."

तिसरा दिवस : शर्यतीत उजवी स्टिक फक्त इकडेतिकडे पाहण्यासाठी असते; तिची त्याला गरज नव्हती. ब्रेक उजव्या स्टिकवर दिला : अंगठ्याने मागे ओढली की ब्रेक, जेवढी ओढू तेवढा. शून्य आणि एक यांच्यामधल्या सगळ्या किमती परत मिळाल्या. हा उपाय आम्हाला किंवा शिक्षकांना सुचला नव्हता. अकरावीतल्या एका मुलीने सुचवला, आणि तिने यापूर्वी गेमपॅड हातात धरलेलाही नव्हता.

चौथा दिवस : डाव्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. मूठ जाड झाली, निसटेना. टेबलावर रबरी चटई ठेवून गेमपॅडची कड तिच्यावर टेकवली, म्हणजे दोन बोटांवरचा भार गेला.

पाचवा दिवस : डाव्या स्टिकचे मृत क्षेत्र १५ टक्के, वळणाचा वक्र हलका, कंप बंद.

सहाव्या दिवशी तो एकटाच बसून पुरी फेरी खेळला. गाडी कुठेही रस्ता सोडून गेली नाही. वेळ लिहायला वही कोणाकडे द्यावी हे त्याला क्षणभर कळेना, कारण आजवर ती त्याच्याच हातात असायची.

स्नेहसंमेलनाच्या वेळी मुलांनी शर्यत ठेवली. अकरा जणांत तो सातवा आला. जिंकला असे लिहिता आले असते तर गोष्ट गोड झाली असती, पण घडले ते लिहितो. त्याच्या आईने आम्हाला एवढेच सांगितले, "सर, हरून आला आणि घरी येऊन दोन तास त्याच शर्यतीबद्दल बोलत होता."

७. पालक आणि विश्वस्तांसाठी

पालकांना सांगणे असे. खेळाची वेळ ठरलेली असावी. अर्ध्या तासाने उठून हात-मान मोकळी करावी. बोटे किंवा मनगट दुखत असेल तर त्या दिवशी गेमपॅड बाजूला ठेवावा आणि दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. खेळापायी झोप, जेवण, अभ्यास सुटू लागला तर ते गंभीर मानावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत खेळाच्या अशा विकाराची नोंद आहे. पण मूल एखादी गोष्ट 'जमत नाही' म्हणून सोडते तेव्हा, आपल्याला ती गोष्ट आवडत नसली तरी, का जमत नाही एवढे विचारावे. आम्ही वर्षभर विचारले नव्हते.

विश्वस्त मंडळाला विनंती अशी. संगणक कक्षासाठी चार वायरचे, एक्सइनपुट पद्धतीचे, चुंबकी स्टिकचे गेमपॅड घ्यावेत. चारच का? कारण या पद्धतीत एका संगणकाला एका वेळी चारच जोडता येतात, आणि आपल्याला तेवढे पुरेत. त्यांचा उपयोग शनिवारच्या तासाबरोबरच नववी-दहावीच्या गणित आणि भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी करू : बिट, वर्गमूळ, आलेख, पोटेन्शिओमीटर आणि हॉलचा परिणाम, सगळे एका वस्तूत सापडते. प्रत्येक गेमपॅडबरोबर एक वही राहील आणि तीत खेळणाऱ्या प्रत्येक मुलाची जुळवणी लिहिलेली असेल. शाळेचा गणवेश आपण एकाच रंगाचा ठेवतो, पण शिवताना माप प्रत्येकाचे वेगळे घेतो. एवढेच येथे करायचे आहे.

स्वाध्याय

१. हात न लावता एक स्टिक आडव्या दिशेत १२०० आणि उभ्या दिशेत १६०० दाखवते. मध्यापासूनचे अंतर काढा. ते ३२७६७ च्या किती टक्के आहे? तुम्ही मृत क्षेत्र किती ठेवाल, आणि का?

२. मृत क्षेत्र ०.२० असताना स्टिक ०.६० वर आहे. सूत्राने नवी किंमत काढा.

३. ०, ०.२५, ०.५, ०.७५ आणि १ या किमतींसाठी सरळ रेषा, वर्ग आणि घन असे तीन आलेख एकाच कागदावर काढा. शर्यतीच्या खेळासाठी कोणता निवडाल?

४. विभवमापी आणि गेमपॅडची स्टिक यांतील दोन साम्ये आणि एक फरक लिहा.

५. घरातली अशी एक वस्तू शोधा जी घरातल्या एखाद्या माणसाच्या हाताला जुळत नाही : आजीची कात्री, आजोबांचा मोबाईल, धाकट्या भावाची सायकल, काहीही. का जुळत नाही ते त्यांनाच विचारून लिहा, आणि पैसे खर्च न करता करता येईल असा एक बदल सुचवा. निवडक उत्तरे पुढच्या अंकात छापू.

— प्राचार्य